बारीक आमऱ्या घरीं कशा वाढवाव्या व फुलवाव्या

आमरी हें नांव आमच्या पुष्कळ वाचकांस अपरिचित असेल. परंतु ती वनस्पति अपरिचित नाहीं. बांधावरील जुन्या आंब्याच्या किंवा जांभळीच्या बेचक्यांत पावसाळ्यांत जो हिरवा पुंजका दिसतो, दिवाळीनंतर ज्याचीं पानें गळून नुसत्या गांठी उरतात, आणि ज्यास बांडगूळ समजून शेतकरी कोयत्यानें खरवडून टाकतो, तीच ही आमरी. इंग्रजींत हिच्या कुळास ऑर्किड म्हणतात. राजूरहून भंडारदरा, रतनवाडी, घाटघर ह्या बाजूस जसजसें जावें तसतसे हे पुंजके वाढत जातात. अकोल्याकडे उतरूं लागलें म्हणजे विरळ होत होत नाहींसे होतात. कारण उघड आहे. घाटघराकडे वर्षास चार-पांच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, व अकोल्यापाशीं त्याचा लहानसा अंश. राजूर ह्या दोहोंच्या मध्यें पडत असल्यानें येथें डोंगरी आमरी घरच्या पडवींत ठेवणें शक्य आहे. परंतु ती आपोआप वाढेल इतकें तें सोपेंही नाहीं.

ह्या कुळांतील सर्वच वनस्पतींविषयीं आम्ही लिहीत नाहीं. वैशाख-ज्येष्ठांत गुलाबी-पांढऱ्या फुलांचा भरगच्च तुरा लोंबविणारी सीतेची वेणी सर्वांनीं पाहिलेली असते. आसाम व अरुणाचल प्रदेश ह्या दोन्ही राज्यांनीं तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. ती मोठी आहे, व तिला सबंध फांदीच हवी. आमचा विषय तळहातावर मावणाऱ्या बारीक जातींचा आहे. ह्या घरीं आणणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते : आमरी जगते, परंतु फुलत नाहीं. सेवानिवृत्तीनंतर ह्या वनस्पतींच्या नादीं लागल्यापासून आम्हांस हा प्रश्न इतक्या जणांनीं विचारला आहे कीं, त्याचें उत्तर एकदां छापून टाकावें हें बरें.

प्रथम बांडगुळाचा गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यांत झाडाचेंही नुकसान आहे व आमरीचेंही. बांडगूळ हें खरोखर चोर आहे. पक्षी त्याचीं चिकट फळें खातात व बी फांदीवर पुसून टाकतात; बी रुजतांच त्याचें मूळ साल भेदून आंत शिरतें, फांदीचा रस ओढूं लागतें, त्या जागीं फांदी गांठाळते, आणि पुढचा भाग हळूहळू वाळतो. असें बांडगूळ गांठीच्या खालून फांदीसह कापलेंच पाहिजे. आमरी मात्र बिऱ्हाडकरू आहे. घरमालकाच्या कोठारास ती हात लावीत नाहीं. तिचीं मुळें सालीवर नुसतीं पसरतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. नखानें एक मूळ हलकेंच उचलून पाहावें. सालीपासून तें सुटून आलें तर आमरी समजावी. बांडगुळास लांकडी फांद्या फुटतात व नळीसारखीं नारिंगी-तांबडीं फुलें येतात. आमरीस लांकूड म्हणून कधीं धरतच नाहीं. गांवदप्तरांत पिकांची नोंद होते, झाडांची होते. झाडाच्या अंगावर काय वाढतें ह्यास रकाना नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, त्याकडे पाहण्याची आपणांस संवय नाहीं.

आतां ती झाडाचा रस घेत नाहीं, मातींत मूळ सोडीत नाहीं, तर जगते कशावर, असें कोणीही विचारील. तिच्या मुळांकडे नीट पाहिलें म्हणजे हें कळतें. वाळलेलें मूळ चुन्यानें सारविल्यासारखें पांढरें दिसतें. त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. पाहतां पाहतां पांढरेपणा जाऊन तें हिरवें होतें. मुळाच्या भोंवतीं मृत पेशींचें एक सच्छिद्र अस्तर असतें, तें टीपकागदासारखें पाणी शोषून घेतें, आणि ओलें झालें म्हणजे पारदर्शक होऊन आंतला हिरवा गाभा दिसूं लागतो. फांदीवरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यांत धूळ, कुजलेल्या पानांचा अर्क, पक्ष्यांच्या विष्ठेचा अंश असा जो अगदीं पातळ खुराक असतो, त्यावर आमरीचा निर्वाह चालतो. पाणी मिळावें व लगेच वारा लागून मूळ वाळावें, ही तिची राहणी. आमच्या एका स्नेह्यानें हौसेनें कुंडींत काळी माती व शेणखत भरून आमरी लाविली. नागपंचमीपर्यंत तिचीं मुळें कुजून कढीसारखीं मऊ झालीं होतीं. ओलीनें नव्हे, हवा न मिळाल्यानें ती मेली. मातीच्या कुंडीचा विचार मनांतून काढून टाकावा.

पावसाळ्यांत आलेलें पाणी ती फुगीर खोडांत साठवून ठेवते. शास्त्रज्ञ ह्यांस आभासी कंद म्हणतात. आम्ही येथें सोयीसाठीं नुसतें कंदच म्हणूं. हे कंद म्हणजे तिचें कोठार. कंद असलेल्या जाति व कंद नसलेल्या जाति असा भेद पहिल्या दिवसापासून मनाशीं धरावा, कारण पुढें पाण्याचें सारें वेळापत्रक ह्याच भेदावर ठरतें.

सह्याद्रींतील कंदवाल्या बारीक जातींपैकीं डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन ही आम्हांस सर्वांत सोशीक वाटते. बोटाच्या पेरापेक्षां थोडे मोठे कंद दाटीनें सालीस चिकटलेले असतात, व पावसाळा सरल्यावर थंडीच्या दिवसांत त्यांतून बारीक पांढरट फुलांचा तुरा निघतो. एरिया रेटिकोसा ही दुसरी. हिचे कंद कवडीसारखे चपटे, वर जाळीदार वेष्टन, आणि कोरड्या दिवसांत सालीवर कोणी बटणें चिकटविलीं आहेत असें वाटावें. पावसाच्या आरंभीं त्या बटणांतून दोन कोंवळीं पानें व कंदाच्या मानानें भलें थोरलें पांढरें फूल बाहेर येतें. काडीसारख्या खोडाच्या डेंड्रोबियम बार्बाट्युलम व डेंड्रोबियम ओव्हॅटम ह्या थोड्या मोठ्या आहेत, तरी फळीवर सुखानें राहतात. पानें झडलेल्या काडीवर पांढऱ्या फुलांची झुंबड उडते ती ह्यांचीच.

कंद नसलेल्यांत ओबेरोनिया घ्यावी. हिचीं पानें चपटीं, एकांत एक बसविलेलीं, पंख्यासारखीं. फुलें इतकीं सूक्ष्म कीं, उंदराच्या शेपटीसारखा लोंबणारा तुरा जवळून व भिंगांतून पाहिल्याशिवाय त्यांत फुलें आहेत हेंच ध्यानांत येत नाहीं. स्मिथसोनिया ही पश्चिम घाटाबाहेर कोठें आढळत नाहीं. तिच्या वंशाची स्थापना सेसिल साल्ढाणा यांनीं १९७४ सालीं केली. फूल उन्हाळ्याच्या अखेरीस येतें. ती दुर्मिळ असल्यानें घरीं ठेवण्याचा लोभ धरूं नये. आपल्या बांधावर असेल तर तेथेंच राखावी. आपल्या भागाच्या ह्या संपत्तीचा शोध फार पूर्वींपासून चालू आहे. डाल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ सालीं निघाला, व सांतापाव आणि कापडिया यांचा केवळ येथील ऑर्किडांवरील ग्रंथ १९६६ सालीं. खेद इतकाच कीं, हीं पुस्तकें इंग्रजींत आहेत व आंब्याचीं झाडें आपल्याकडे.

वनस्पति मिळवावी कोठून? येथें आम्ही थोडें कठोर लिहिणार आहों. आमरीचें बी घरीं पेरून रुजत नाहीं. एका बोंडांत धुळीसारखें बी हजारोंनीं, कांहीं जातींत लाखोंनीं असतें. परंतु गव्हाच्या दाण्यांत कोंभासाठीं जशी शिदोरी बांधलेली असते तशी त्यांत नसते. रुजण्यासाठीं एका प्रकारच्या बुरशीची संगत लागते. हें फ्रान्सांतील नोएल बर्नार यांनीं १८९९ सालीं शोधून काढलें. पुढें १९२२ सालीं अमेरिकेंतील लुईस नडसन यांनीं साखर व क्षार मिसळलेल्या आगरावर, बाटलींत, बुरशीवांचून बी रुजवून दाखविलें, आणि आजच्या प्रयोगशाळांतील रोपें त्याच वाटेनें येतात. रानांत मात्र त्या लाखो बियांतून एखादें रोप धरतें, व त्यास फूल येण्यास कित्येक वर्षें जातात. ह्याचा अर्थ असा कीं, पावसाळ्यांत रस्त्याच्या कडेला पर्यटकांस विकला जाणारा एक पुंजका म्हणजे एका फांदीवरील अनेक वर्षांची जमा. तो विकत घेऊं नये. घेणाऱ्याच्या घरीं तो बहुधा पुढचा पावसाळा पाहत नाहीं, आणि मागणी आहे असें दिसलें कीं विकणारा दुसरी फांदी सोलतो.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालीं घोषित झालें आहे. त्याच्या हद्दींतून वनस्पति काढणें १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें गुन्हा आहे. तेथील खालीं पडलेली फांदीही उचलून आणूं नये. शिवाय वन्य जीवांच्या व्यापाराविषयींच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारांत भारत १९७६ सालापासून सामील आहे, त्याच्या नियंत्रित यादींत आमरीचें सगळें कूळ येतें. मग उरतें तें आपल्या खात्यावरील क्षेत्र, आणि तें पुष्कळ आहे. वळिवाच्या वाऱ्यांत व मृगाच्या तोंडीं बांधावरील जुन्या झाडांच्या फांद्या मोडून पडतात. जमिनीवर पडलेली आमरी त्या पावसाळ्यांत कुजते, ढोरांच्या पायांखालीं जाते, किंवा फांदीबरोबर चुलींत जाते. ती उचलून घरीं आणणें ह्यांत कोणाचेंच नुकसान नाहीं. तसेंच आंबा, जांभूळ, हिरडा, ऐन हीं झाडें तोडण्यास १९६४ च्या कायद्याप्रमाणें परवानगी लागते हें खातेदारांस ठाऊक आहेच. अशी रीतसर परवानगी मिळून झाड पडणार असेल, तर करवत लावण्यापूर्वीं फांद्या एकदां न्याहाळून घ्याव्या. लांकडाच्या व्यापाऱ्यास त्या पुंजक्यांचें कांहीं मोल नसतें. मागितल्यास तो हंसत देतो.

पडलेल्या फांदीवरून आमरी काढतांना मुळें ओरबाडूं नयेत. शक्य तर सालीचा तुकडाच तिच्यासह सुरीनें काढावा, किंवा फांदी दोन्हीं बाजूंनीं करवतून तो ओंडकाच टांगावा. ह्यापरतें सोपें काम नाहीं. पुंजका फोडावयाचा झाल्यास प्रत्येक भागास तीन-चार तरी कंद ठेवावे. जुना, पानें नसलेला कंद निरुपयोगी समजून कापूं नये. नव्या कोंभास दूध पाजणारा तोच आहे.

बसविण्यासाठीं जांभळीचा किंवा आंब्याचा खरबरीत सालीचा ढलपा, जुन्या कौलाचा तुकडा, अथवा नारळाचें सोडण चालतें. सोडण चार-पांच दिवस पाणी बदलीत भिजवून त्यांतील खार व तांबूस रंग काढून टाकावा. निलगिरीचें लांकूड घेऊं नये, त्याची साल सुटते. सांवरीचें, पांगाऱ्याचें घेऊं नये, तें एका पावसाळ्यांत भुसभुशीत होतें. आम्हांस कौल फार पसंत आहे. तें कुजत नाहीं, भिजलें कीं थंड राहतें, आणि सिमेंटचे व पत्र्याचे माळे आल्यापासून गांवांत जुन्या कौलांचे ढीग पडून आहेत. मुळांखालीं विहिरीच्या दगडावरील शेवाळाचा पातळ थर द्यावा, जाड गादी नको. पुंजका सुतळीनें किंवा जुन्या धोतराच्या चिंधीनें घट्ट बांधावा, कारण हलणाऱ्या आमरीचीं नवीं मुळें घासून मरतात. तांब्याची तार मात्र कदापि वापरूं नये; तांबें ह्या मुळांस विष आहे. हें सर्व काम ज्येष्ठाच्या आरंभीं, मुळांचीं टोंकें हिरवीं किंवा तांबूस होऊं लागलीं कीं करावें. त्या वेळीं बांधलेली आमरी दोन महिन्यांत कौलास धरते. कार्तिकांत बांधलेली पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच पाहुणी राहते.

जागा पूर्वेच्या पडवीची. सकाळीं नऊपर्यंतचें ऊन अंगावर यावें, नंतर उजेड असावा पण ऊन नसावें, आणि वारा खेळता असावा. उजेड पुरतो कीं नाहीं हें पानच सांगतें. गर्द काळसर हिरवें पान दिसण्यास सुंदर, परंतु तें उपाशी आहे. तशा आमरीस फूल येत नाहीं. किंचित् पिंवळसर हिरवें पान योग्य. तांबूस पडलें किंवा डाग जळाले तर ऊन अधिक होतें. दिवाणखान्यांत कोनाड्यांत ठेवून आमरी फुलली नाहीं म्हणणारे गृहस्थ ज्वारी माजघरांत पेरून कणसाची वाट पाहतील काय?

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. डाळिंब व मोसंबी लावणाऱ्या आमच्या बंधूंस बहार धरणें म्हणजे काय हें सांगावयास नको. मृग बहार घ्यावयाचा तर उन्हाळ्यांत पाणी तोडतात, पानगळ होऊं देतात, आणि मग पाणी सोडून झाड फुलवितात. ह्या पाणी तोडण्यास आपण ताण देणें म्हणतों. सह्याद्रीच्या आमऱ्यांस हा ताण दरसाल निसर्गच देतो. मृगापासून हस्तापर्यंत त्या अखंड भिजतात. ह्या चार महिन्यांत नवे कंद वाढून भरतात. नंतर आभाळ कोरडें होतें, आणि पुढें सात-आठ महिने पहांटेचें दंव व दरींतून वर येणारें धुकें एवढेंच त्यांचें पाणी. पानें पिंवळीं होऊन गळतात, कंद आकसतात, झाड मेलें असें वाटतें. ह्या वाळल्या दिसणाऱ्या अवस्थेंतच डेंड्रोबियमच्या डोळ्यांत फुलाची कळी ठरते. डाळिंबांत आणि हिच्यांत भेद एवढाच कीं, डाळिंब ताण संपून पाणी मिळाल्यावर फुलतें. ह्या डेंड्रोबियम ताण चालू असतांनाच, उघड्या काडीवर फुलतात, व पानें मागाहून पावसाबरोबर येतात.

घरीं नेमकें उलट होतें. शेतकरी असो कीं नोकरदार, डोळ्यांसमोर झाड वाळलेलें त्यास पाहवत नाहीं. पौषांत पानें गळूं लागलीं कीं घरांतील मंडळी तांब्या घेऊन धांवतात, वर चमचाभर खतही घालतात. त्या दयेचा परिणाम असा होतो कीं, ज्या डोळ्यांतून फूल यावयाचें त्यांतून पानांचें पिलूं फुटतें. आमरी जगते, हिरवीगार दिसते, आणि फुलत नाहीं. पडताळा पाहावा म्हणून आम्हीं एकाच मोडल्या फांदीवरील काडीवाल्या डेंड्रोबियमचे दोन भाग करून दोन कौलांवर बांधले, व एकाच खुंटाळ्यास टांगले. एकास दिवाळीनंतरही दिवसाआड पाणी चालू ठेविलें, दुसऱ्याचें तोडलें. फाल्गुनांत पहिल्यावर तीन पिलें होतीं व फूल एकही नव्हतें. दुसऱ्याच्या नागड्या काड्यांवर अकरा फुलें आम्हीं मोजलीं. शेजारचीं मुलें तें कौल पाहावयास येत, व वाळल्या काटकीस फुलें कोणीं चिकटविलीं म्हणून विचारीत.

तेव्हां वर्षाचा क्रम असा धरावा. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास कोंभ व मुळांचीं नवीं टोंकें दिसलीं कीं पाणी सुरू करावें. झडीच्या दिवसांत कौलें पडवीच्या बाहेरच्या कडेस, पावसाचे तुषार येतील पण पागोळीची धार पडणार नाहीं अशीं टांगावीं. पावसानें उघडीप दिली तर रोज सकाळीं भिजवावें. रात्रीं मुळें कोरडीं असावीं. खत ह्याच चार महिन्यांत, आणि तेंही नांवाला. पिकावर फवारण्याचें १९:१९:१९ हें विद्राव्य खत घरांत असतेंच. तें चार लिटर पाण्यास एक ग्रॅम ह्यापेक्षां अधिक घेऊं नये, व आठवड्यांतून एकदां फवारावें. शेतांतल्या प्रमाणानें फवारल्यास मुळांचीं टोंकें काळीं पडतात. शेणकाला लावूं नये. तो मुळांच्या सच्छिद्र अस्तरांत बसतो. हस्त संपतांच खत बंद. दिवाळीपर्यंत पाणी उतरवीत आणावें, आणि मग तोडावें. माघ-फाल्गुनापर्यंत कंदवाल्यांस आठ-दहा दिवसांनीं एकदां सकाळीं हलका फवारा पुरे. कंदावर सुरकुत्या पडल्या तरी घाबरूं नये; पिळवटलेल्या चिंचेसारखा पार चोपला तरच दोन दिवस लागोपाठ भिजवावा. फुलें येऊन गेल्यावर चैत्र-वैशाखाचे दिवस कठीण. राजूरला तेव्हां दरीचें धुकें नसतें, वारा कोरडा असतो. म्हणून कौलें पडवीच्या आंतल्या बाजूस घेऊन खालीं पाण्याचें घमेलें ठेवावें व फवारा चार दिवसांनीं करावा. कळ्या उन्हाळ्यांतल्या असोत कीं थंडींतल्या, त्या दिसूं लागल्यावर कौलाची जागा बदलूं नये.

हा ताण कंद नसलेल्यांस सोसत नाहीं. ओबेरोनियास कोठार नाहीं. तिला थंडींतही तीन-चार दिवसांनीं फवारा हवा, फक्त खत नको. बाजारांत हल्लीं कुंडींत मिळणारी पतंगाच्या आकाराच्या फुलांची लहान फॅलेनॉप्सिस हीही बिनकंदाची, प्रयोगशाळेंत वाढविलेली संकरित जाति. तिला कोरडें ठेवलें तर ती फुलत नाहीं, मरते. तिची कळी रात्रीच्या गारव्यानें ठरते. कांहीं आठवडे रात्रीचें तापमान २५ अंशांच्या खालीं राहिलें म्हणजे दांडा निघतो, आणि राजूरची थंडी ह्या कामीं पुरून उरते. परंतु वैशाखांतल्या उन्हाच्या झळा तिला मानवत नाहींत. डांगी बैल आपल्या भागांतील मुसळधार पाऊस अंगावर घेतो तो खिल्लारास झेपत नाहीं, ह्यांत खिल्लाराचा कमीपणा नाहीं. ज्याचें त्याचें रान. विकतच्या आमरीपेक्षां बांधावरची कमी कष्टांत फुलते, असा आमचा अनुभव आहे.

पाण्याविषयीं एक सूचना. बोअरच्या पाण्यानें कौलावर पांढरा पापुद्रा धरूं लागला तर त्या पाण्यांतील क्षार मुळांस जाचूं लागले असें समजावें. पागोळीचें पाणी झांकण असलेल्या पिंपांत भरून ठेवावें. दहा-बारा कौलांना हिंवाळा-उन्हाळाभर एक पिंप पुरतें. पावसाळ्यांत गोगलगाई रात्रीं मुळांचीं कोंवळीं टोंकें खातात. कंदील घेऊन वेंचाव्या. पिठ्या ढेकूण व खवले कीड कोरड्या दिवसांत पानांच्या बेचक्यांत बसतात. साबणाच्या पाण्यांत बुडविलेल्या जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें पुसून काढलीं तर औषध लागत नाहीं. पंख्यासारख्या पानांच्या गाभ्यांत पाणी सांचून राहिलें कीं काळी कूज लागते, म्हणून अशा जाति सरळ न बांधता किंचित् खालीं झुकत्या बांधाव्या.

ह्यांतून पैसा किती सुटेल, असें विचारणारेही भेटतात. कांहीं सुटत नाहीं. फुलबाजारासाठीं सांवलीच्या जाळीखालीं मोठ्या संकरित डेंड्रोबियमची शेती होते, तो भांडवलाचा निराळा धंदा आहे. त्याचा ह्या कौलांशीं संबंध नाहीं, व डोंगरी आमरी विकून चार पैसे करूं म्हणणाऱ्यास आम्ही रोप देत नाहीं.

कौल पुंजक्यानें भरून कंद कडेबाहेर लोंबूं लागले म्हणजे अर्धा भाग काढून आपल्याच बांधावरील झाडावर परत बांधावा. झाड खरबरीत सालीचें घ्यावें. आंबा, जांभूळ, ऐन, हिरडा कोणतेंही चालेल. जागा दोन पुरुष उंचीवर, म्हणजे शेरडांच्या तोंडांत व येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातांत सांपडणार नाहीं. आडव्या फांदीच्या वरच्या अंगास, पूर्वेकडे. त्या फांदीवर पूर्वींच आमरी असेल तर उत्तम, कारण बियास लागणारी बुरशी तेथें असण्याचा संभव अधिक. येथेंही वेळ मृगाच्या आधींची. बांधलेली सुतळी दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत आपोआप कुजून पडते. ती सोडण्यासाठीं पुन्हां झाडावर चढावें लागत नाहीं.